अंपायरला डगआउट नसतो

बेसबॉलमध्ये तिसरा आउट झाला की नऊ जण मैदानातून आत पळतात आणि दुसरे नऊ जण बाहेर येतात. आत गेलेले डगआउटमध्ये, म्हणजे छपराखालच्या संघाच्या बाकावर, टेकतात, टोप्या काढतात, कूलरच्या तोटीखाली पेला धरतात. मी जिथे असते तिथेच असते. सात इनिंगच्या सामन्यात खेळाडू सात अर्ध्या इनिंग उन्हात काढतो आणि सात सावलीत. अंपायर चौदाच्या चौदा उन्हात. होम टीम शेवटी बॅटिंग करते, ती तेव्हा पुढे असेल तर तेरा, तेवढीच सवलत.

मी हौशी बेसबॉलमध्ये अंपायरिंग करते, बहुतेक वेळा होम प्लेटमागे, म्हणजे बॅटर आणि कॅचरच्या पाठीशी. प्रेक्षकांतले लोक मला नियमांबद्दल पुष्कळ विचारतात, पण एक प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो इन्फिल्ड फ्लायच्या किचकट नियमाचा नसतो. ‘तुम्ही पाणी कधी पिता हो? पिताना कधी दिसत नाही.’ दिसत नाही हे बरोबरच आहे. मोठ्या लीगमध्ये चार अंपायर असतात, त्यांच्यासाठी वेगळी खोली असते, धावपळ करायला माणसं असतात. आमच्याकडे दोन अंपायर असले तर तो दिवस चांगला. पाणी आणून द्यायचं हे कुणाचंच काम नसतं, त्यामुळे त्याची आखणी सामन्याच्या आखणीतच बसवावी लागते.

आधी हे बघा की पाणी जातं कुठे. सात इनिंगमध्ये दोन्ही बाजूंचे मिळून दोनशेच्या आसपास पिच, म्हणजे पिचरच्या फेकी, पडतात, बॉलिंग रटाळ असेल तर त्याहून जास्त. प्रत्येक पिचला अर्धवट खाली बसायचं, डोकं स्थिर धरायचं, चेंडू कॅचरच्या मिटमध्ये शिरेपर्यंत नजर सोडायची नाही, मग उठायचं. अंगावर मास्क, शर्टाच्या आत चेस्ट प्रोटेक्टर, पँटच्या आत शिन गार्ड, पोलादी टोकाचे जड बूट, कमरेला चेंडूंची पिशवी. माझ्यापुढे बसलेल्या कॅचरच्या अंगावरही जवळपास एवढंच असतं, पण तो अर्धा सामना डगआउटमध्ये बसून शिन गार्डच्या पट्ट्या सैल करू शकतो.

घाम आला म्हणून अंग थंड होत नाही, घाम वाळला की होतं. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर तो अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण चेस्ट प्रोटेक्टरच्या फोमखाली वारा शिरत नाही. तिथला घाम वाळत नाही, नुसता खाली ओघळून पँटच्या पट्ट्यात मुरतो. म्हणजे पाणीही गेलं आणि गारवाही मिळाला नाही. दमट हवेत तर उघड्या हातांवरचा घामही तसाच टिपकत राहतो. व्यायाम करताना माणसाला तासाला अर्ध्यापासून दोन लिटरपर्यंत घाम येऊ शकतो. माझं वजन ६२ किलो. त्याच्या दोन टक्के म्हणजे सव्वा किलो. एवढं पाणी अंगातून गेलं की शरीराची कामगिरी उतरायला लागते आणि लक्ष लागणंही कठीण होतं. उन्हातल्या दोन तासांच्या सामन्यात काहीच न पिता तिथे पोचणं अवघड नाही.

आता बाटली कुठे ठेवायची? माझी जागा ठरलेली आहे: बॅकस्टॉपच्या, म्हणजे प्लेटमागच्या, जाळीबाहेर, फाटकाला लागून, जिकडे सावली सरकत येणार असेल त्या बाजूला. सामन्याच्या आधी मैदान बघताना मी बेसचे खिळे आणि जाळीतली भोकं बघते तशी ही जागाही बघून ठेवते. जाळीच्या आत, खेळ चालू असलेल्या हद्दीत बाटली ठेवणारे अंपायर मी पाहिले आहेत. कधीतरी कॅचरला न अडलेला एखादा वाइल्ड पिच घरंगळत जाऊन नेमका त्या बाटलीला लागणार, चेंडू दिशा बदलणार, रनर एक बेस जास्त घेणार आणि दोन्ही प्रशिक्षक धावत येणार. मग निर्णय कुणी द्यायचा? ज्याची बाटली त्यानेच.

डगआउटमधल्या कूलरचं पाणी मी घेत नाही. प्रशिक्षक मनापासून बोलावतात, ‘मॅडम, या, थंड पाणी आहे.’ त्यांच्या मनात काही नसतं हे मलाही कळतं. पण पुढच्याच अर्ध्या इनिंगमध्ये होम प्लेटवरचा एखादा अटीतटीचा निर्णय त्यांच्या बाजूने गेला की समोरच्या डगआउटला तो पेला आठवतो. पाणी संपलंच तर मी स्कोअररच्या टेबलावरून मागून घेते. तिथेही नसेल तर जो डगआउट जवळ असेल तिथून सरळ घेते आणि दुसऱ्या प्रशिक्षकाला तसं सांगते. निःपक्षपातीपणा महत्त्वाचा आहे, पण भोवळ येऊन पडलेला निःपक्षपाती अंपायर कुणाच्याच उपयोगाचा नाही.

बाटलीबद्दल माझं मत ठाम आहे: एका हाताने उघडता आली पाहिजे. डाव्या हातात बॉल-स्ट्राइक मोजायचा इंडिकेटर असतो आणि मास्कही डाव्याच हाताने काढायचा असतो, म्हणजे उजवा हात निर्णयाच्या खुणेसाठी मोकळा राहतो. ही सवय इतकी अंगात भिनलेली असते की पाणी पितानाही मास्क डाव्या हातातच लटकत असतो. आता उरलेल्या एका हाताने फिरकीचं झाकण उघडून दाखवा! म्हणून पिळली की धार येते ती खेळाडूंची बाटली बरी. धातूच्या थर्मासमध्ये पाणी थंड राहतं खरं, पण त्याचं झाकण दोन हात मागतं. मी मधला मार्ग काढला आहे. पिळायच्या दोन बाटल्या आदल्या रात्री अर्ध्या भरून फ्रीझरमध्ये आडव्या ठेवते आणि निघताना वर पाणी भरते. आडव्या ठेवल्याने बर्फ एका बाजूला जमतो, तोंड मोकळं राहतं. पाणी थंड असलं की माणूस आपोआप जास्त पितो, एवढ्यासाठी हा खटाटोप.

कधी प्यायचं हा खरा कळीचा भाग. दोन अर्ध्या इनिंगच्या मध्ये साधारण एक मिनिट मिळतं. त्या मिनिटात पिचरच्या सरावाच्या फेकी मोजायच्या, पिशवीत चेंडू किती उरलेत ते बघायचं, कुणी बदली खेळाडू आणला तर कार्डावर नोंद करायची, प्लेट झाडायची. हे सगळं संपल्यावर पाणी पिऊ म्हटलं तर ते कधीच होत नाही. म्हणून माझा क्रम उलटा आहे: तिसरा आउट, मास्क वर, सरळ जाळीकडे, तीन-चार घोट, मग बाकीचं. अर्ध्या इनिंगला शंभर ते दीडशे मिलिलिटर. खेळाडूंसाठी दर दहा-वीस मिनिटांना २०० ते ३०० मिलिलिटर असं सांगितलं जातं, त्याच्याशी हे बऱ्यापैकी जुळतं. तहान लागली की पिऊ या भरवशावर मी राहत नाही. चुरशीच्या इनिंगमध्ये तहान कळतच नाही आणि कळते तेव्हा बेसवर तीन रनर असतात.

एकदम अर्धी बाटली घशात ओतणं त्याहून वाईट. पोटात पाणी डुचमळतं आणि पुढच्या पिचला खाली बसलं की ते घशाशी येतं.

पंचाईत होते ती लांबलेल्या इनिंगमध्ये. पिचरचा हात बिघडलेला, एकामागून एक वॉक (बॅटरला फुकटचा बेस), आणि घड्याळात वीस-पंचवीस मिनिटं गेली तरी एकच आउट. अशा वेळी खेळातल्याच फटी शोधाव्या लागतात. प्रशिक्षक टाइम मागून माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, गेला की अंपायरने त्याला जरा वेळ द्यायचा आणि मग ती सभा मोडायला चालत जायचं, अशी पद्धत आहे. तो ‘जरा वेळ’ माझा. पिचर बदलला तर आणखी चांगलं, नवा माणूस हात मोकळा करेपर्यंत निवांत पिता येतं. फाउल चेंडू कॅचरच्या बोटावर किंवा मास्कवर बसला की मी मुद्दाम पुढे होऊन स्वच्छ असलेली प्लेट पुन्हा झाडते, त्याला सावरायला अवधी मिळावा म्हणून. मला लागलं की तोच कॅचर उठून पिचरशी काहीतरी बोलायला जातो. काय बोलतात कोण जाणे! हा शिष्टाचार कुठल्या नियमात नाही, पण उन्हाळ्यात त्याच्या जोरावर एखादा घोट मिळून जातो.

बेस अंपायरचं गणित वेगळं. अंगावर ओझं नाही, पण पळणं जास्त आणि बाटली लांब. इनिंगच्या मध्ये तो आउटफिल्डच्या गवतावर उभा असतो. त्याने आपली बाटली फाउल लाइनजवळच्या कुंपणापलीकडे ठेवावी आणि न लाजता तिथवर चालत जावं. माझे जोडीदार सर जुन्या वळणाचे आहेत, अंपायरने मैदानावर पाणी पिणं त्यांना बावळटपणाचं वाटायचं. आता दर दुसऱ्या इनिंगला मीच त्यांना हात करून जाळीकडे बोलावते.

काय प्यायचं यावर अंपायर मंडळी तासन्‌तास वाद घालू शकतात. घामात पाण्याबरोबर मीठ जातं आणि ते माणसागणिक फार वेगळं असतं. एक लिटर घामात सोडियम साधारण २० ते ८० मिलिमोल. सामन्यानंतर माझ्या टोपीवर पांढरी रेघ उमटते, म्हणजे माझा घाम खारट जातीचा. १९६५ साली फ्लोरिडा विद्यापीठात रॉबर्ट केड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या अमेरिकन फुटबॉल संघासाठी गेटोरेड बनवलं, तिथून खेळाडूंच्या पेयांचा जमाना सुरू झाला. अशा पेयांत सोडियम लिटरला २० मिलिमोलच्या आसपास असतं आणि साखर सहा टक्क्यांच्या घरात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या ओआरएसमध्ये सोडियम लिटरला ७५ मिलिमोल आणि ग्लुकोजही ७५. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम एकाच वाहकावरून आत जातात आणि पाणी त्यांच्या मागून ओढलं जातं, म्हणून ते प्रमाण तसं ठेवलेलं आहे. ओआरएस हे जुलाबाने पाणी गेलेल्या रुग्णासाठी बनलेलं आहे. एका सामन्यासाठी मला त्याची गरज वाटत नाही. पहिल्या तीन इनिंग साधं पाणी, चौथीपासून खेळाडूंचं पेय थोडं पातळ करून, आणि एका दिवशी दोन सामने असले तर मधल्या सुट्टीत ओआरएसचं एक पाकीट, पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच.

फळांचा रस नको. त्यात साखर दहा टक्क्यांच्या आसपास असते आणि तो पोटात रेंगाळतो. फसफसणारी पेयं तर अजिबात नकोत. मास्क लावून, खाली वाकून, ढेकर दाबत स्ट्राइक म्हणायची वेळ शत्रूवरही येऊ नये. चहा-कॉफीची मात्र उगाच भीती घातली जाते. रोजच्या सवयीचा एखादा कप शरीरातलं पाणी पळवून लावत नाही.

दुसरं टोकही धोक्याचं आहे. भीतीपोटी लिटरवर लिटर साधं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळतो, आणि आजूबाजूचे लोक ‘पाणी कमी पडलं’ म्हणून त्याला आणखी पाणी पाजतात. ओळखायची सोपी खूण वजनकाटा आहे. सामन्याआधी आणि नंतर, कोरड्या कपड्यांत वजन करा. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर गेलं. वजन वाढलं असेल तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त प्यायलात. दोन-तीन सामने असं केलं की आपला आकडा कळतो, मग काट्याची गरज उरत नाही.

आता ज्या विषयावर पुरुष अंपायर विनोद करतात आणि बायका गप्प बसतात, तो. लघवी. मैदानाजवळ नीट स्वच्छतागृह नसलं की बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. शिन गार्ड, पट्टे, पिशवी, टक केलेला शर्ट हे सगळं उतरवायला जो वेळ लागतो तो एका मिनिटात बसत नाही, त्यामुळे हे टाळणं मला समजतं. पण उपाशी टाकीने सामना सुरू करणं हा त्यावरचा उपाय नाही. उपाय आहे वेळ मागे सरकवण्याचा. सामन्याच्या चार तास आधी वजनाच्या किलोमागे पाच ते सात मिलिलिटर प्यायचं असं क्रीडावैद्यक सांगतं. मला त्याचे ३१० ते ४३० मिलिलिटर होतात. शरीराला नको असलेलं पाणी सामन्याआधीच बाहेर पडतं. मग सामान चढवायच्या आधी एकदा जाऊन यायचं, रंग फिकट पिवळा दिसला की निश्चिंत. सामन्यात घोट-घोट प्यायलेलं पाणी बहुतेक घामातच जातं. आणि चौथ्या इनिंगनंतर जावंच लागलं तर टाइम घेऊन जावं. प्रशिक्षक पिचरशी बोलायला जातात तेव्हा कुणी नाकं मुरडत नाही.

वयाचा मुद्दाही आहेच. खेळाडू पंधरा-वीस वर्षांचे, आणि अंपायर पन्नाशीचे, साठीचे. वय वाढलं की तहान कमी लागते, म्हणजे शरीराची घंटाच हळू वाजते. त्यात कुणाला रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असते, कुणाला हृदयामुळे पाण्यावरच मर्यादा घातलेली असते. अशांनी हा लेख बाजूला ठेवून आपल्या डॉक्टरांना विचारावं. तरुण असो वा म्हातारा, ऊन वाढल्यावरचे पहिले सामने सगळ्यात वाईट. शरीराला उष्णता अंगवळणी पडायला एक ते दोन आठवडे लागतात. मग घाम लवकर सुटतो, जास्त येतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. तोवर मी ओळीने सामने घेत नाही.

बर्फाच्या पाण्यात भिजवलेला रुमाल मानेवर ठेवते, बरं वाटतं. बेसबॉलचा जुना दिग्गज बेब रूथ टोपीखाली कोबीचं थंड पान ठेवायचा असं सांगतात. मी करून बघितलेलं नाही. अंपायरच्या टोपीतून कोबी पडला तर पुढचा हंगाम मला त्याच नावाने हाक येईल.

पाणी कमी पडल्याचं मला सगळ्यात आधी मांड्यांवरून कळतं. मांड्या थकल्या की मी नकळत ताठ उभी राहायला लागते, डोळे वर जातात आणि गुडघ्यापाशी आलेला स्ट्राइक नीट दिसेनासा होतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं अंपायरचा झोन, म्हणजे स्ट्राइक धरायचा पट्टा, सरकला. दुसरी खूण सरांनी आणि मी मिळून ठरवली आहे. अधूनमधून ते लांबूनच विचारतात, ‘काउंट?’, म्हणजे बॉल किती, स्ट्राइक किती. मी बोटांनी दाखवते. इंडिकेटरकडे न बघता लगेच दाखवता आलं तर ठीक. दोनदा अडखळले तर ते टाइम घेऊन सरळ चालत येतात, मी सांगेन त्याची वाट न बघता. कारण उन्हाने माणूस गोंधळला की आपण गोंधळलोय हेच त्याला कळत नाही. उन्हात राबलेला माणूस असंबद्ध बोलायला लागला, तोल जायला लागला, तर तो उष्माघात समजायचा. शरीराच्या आतलं तापमान तेव्हा ४० अंशांच्या वर असू शकतं. तिथे पाणी पाजत बसायचं नाही. रुग्णवाहिका बोलवायची आणि ती येईपर्यंत अंगावरचं सगळं सामान काढून, मिळेल तेवढ्या बर्फाने आणि थंड पाण्याने त्याला गार करत राहायचं. टब असेल तर गळ्यापर्यंत थंड पाण्यात.

हवामानाचा नुसता आकडा बघून अंदाज बांधू नका. अमेरिकेच्या मरीन कोअरने १९५० च्या दशकात पॅरिस आयलंडच्या प्रशिक्षणतळावर ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या थर्मामीटरच्या गोळ्याचं तापमान, काळ्या गोलाचं तापमान आणि हवेचं तापमान एकत्र करणारा निर्देशांक वापरात आणला. त्यात सत्तर टक्के वजन ओल्या गोळ्याला, म्हणजे दमटपणाला असतं. ज्या दिवशी घाम वाळत नाही तो दिवस वाईट, मग पारा कितीही बोलो. असा दिवस असला की सामन्याआधीच्या प्लेट मीटिंगमध्येच मी दोन्ही प्रशिक्षकांना सांगून टाकते: तिसऱ्या आणि पाचव्या इनिंगनंतर पाण्याची सुट्टी, सगळ्यांना. आजवर कुणी हरकत घेतलेली नाही, कॅचर तर डोळ्यांनीच आभार मानतात.

एका दिवशी दोन सामने असतील तर मधल्या अर्ध्या तासात आधी चेस्ट प्रोटेक्टर काढून उन्हात उलटा टाकायचा, आतला बनियन बदलायचा, मग बसून प्यायचं. घटलेल्या प्रत्येक किलोमागे दीड लिटर घ्यावं असं म्हणतात, कारण त्यातलं काही लघवीतून जाणारच. पण ते पुढच्या काही तासांत, जेवणाबरोबर. अर्ध्या तासात तेवढं भरून निघत नाही, म्हणून पहिल्या सामन्यात प्लेटमागे असलेला अंपायर दुसऱ्यात बेसवर जातो. जोडीदार येणार नसेल आणि दोन्ही सामने एकटीने प्लेटमागे करायचे असतील, तर उन्हाळ्यात मी ती नेमणूक घेत नाही.